रोशा गवत कधी कापायचं?

अल ऐनमधल्या एखाद्या अत्तराच्या दुकानात गुलाबाचा वास आला, तर तो गुलाबातूनच आलाय असं लगेच धरून चालू नका. गुलाबाच्या वासात जेरॅनिऑल नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो, आणि तेच द्रव्य आपल्या खानदेशातल्या रोशा गवतात भरपूर असतं. एकोणिसाव्या शतकात खानदेशात काढलेलं रोशाचं तेल मुंबईहून तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत जायचं आणि तिथून तुर्कस्तानात. तिथे ते गुलाबाच्या तेलात मिसळलं जायचं. युरोपच्या बाजारात त्याला नावही ‘तुर्की जिरेनियम तेल’ असंच पडलं होतं!

आता समजा, तुम्ही रोशा लावलाय. कापणी कधी कराल?

रोशाचं तेल मुख्यतः फुलोऱ्यात आणि पानांत असतं. दांड्यात जवळजवळ नसतंच. म्हणजे फुलोरा येण्याआधी कापलंत, तर तेलाचा मोठा साठा तयार व्हायच्या आधीच विळा चालवलात. बरं, फुलोरा दिसताच कापलं तर? तेव्हा तेल असतं, पण त्यातलं बरंचसं जेरॅनिऑल अॅसिटेटच्या रूपात बांधलेलं असतं. फुलोरा पिकत जातो तसं एक विकर हा बंध तोडतं आणि मोकळं जेरॅनिऑल वाढतं. मग आणखी थांबावं का? तर नाही. पानं वाळायला लागतात, बी गळतं आणि हाती येणारं तेलच घटतं.

म्हणजे इथे दोन घड्याळं चालतात. एक तेल किती आहे ते सांगतं, दुसरं तेल कसं आहे ते. शेतकऱ्याला किलोवर पैसे मिळतात, तर अत्तरवाला जेरॅनिऑलचं प्रमाण तपासून भाव ठरवतो. दोन्ही साधायचं म्हणून फुलं उमलल्यावर साधारण ७ ते १० दिवसांनी कापणी करा, असं सांगितलं जातं. मजूर मिळाले नाहीत किंवा भट्टी रिकामी नसली, की हे मोजके दिवस हातचे जातात. वर्षभराची मेहनत तीच, जमीन तीच, पण पैसे कमी.

प्रत्येक वनस्पतीला हाच नियम लावू नका मात्र. गवती चहा रोशाच्याच कुळातला, पण तो सहसा फुलत नाही. तिथे पातीचं वय बघायचं. कोवळ्या पातीत तेल जास्त, जुनी होत जाईल तसं कमी. पुदिन्याचं आणखी वेगळं. त्याचं पान कोवळं असताना त्यात मेंथोन जास्त असतं, पान जून झालं की मेंथॉल वाढतं.

अल ऐनच्या तुमच्या बाल्कनीत गवती चहाची कुंडी असेल, तर आज एवढं करा. एक नवी पात आणि एक बाहेरची जुनी, निबर पात वेगवेगळी चुरगाळून वास घ्या. चहात कोणती टाकायची, ते मग तुम्हीच ठरवा.