छातीत यंत्र, तर खिशात कार्ड हवेच!

कंपवाताने हात थरथरू लागले की चहाची कपबशीसुद्धा धरवत नाही. औषधे पुरी पडेनाशी झाली, तर काही रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने बारीक तारा बसवतात. त्यांना वीज देणारे छोटे यंत्र छातीवर, कातडीखाली असते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ मध्ये ही पद्धत सुरू केली. आता मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते.

रुग्ण गावी येतो, कामाला लागतो. पुढे कधी पाय घसरून पडतो, डोक्याला मार लागतो आणि कोणी सांगते, "एमआरआय काढून या." धोका इथेच आहे.

एमआरआयचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकशक्तीपेक्षा तीस हजार पटींहून जोरदार आणि चोवीस तास चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला. मेंदूतल्या तारेला मात्र ओढीपेक्षा तापण्याचे भय जास्त. छपरावरचा अँटेना लहरी पकडतो ना, तशीच ही तार मशीनच्या रेडिओ लहरी पकडते. तिचे टोक तापते आणि भोवतालचा मेंदू भाजतो. अशा रुग्णांत कोमात जाणे, मेंदूला कायमची इजा होणे असे प्रकार घडल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये इशारा दिला होता.

मग एमआरआय करायचाच नाही का? तसे नाही. २०१५ पासून काही यंत्रांना, अटी पाळून, पूर्ण शरीराच्या एमआरआयची परवानगी आहे. पण प्रत्येक यंत्राच्या अटी वेगळ्या. म्हणून एवढे कराच :

• यंत्राचे कार्ड कायम जवळ ठेवा. मशीनवर जाण्याआधी ते दाखवा.

• शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना आधी फोन करा. कोणती मशीन चालेल, हे तेच सांगतील.

• तपासणीपूर्वी यंत्र बंद करायचे की कसे ठेवायचे, हे जाणकारानेच ठरवावे. नंतर ते पुन्हा तपासून घ्यावे.

• यंत्र काढले, पण तार आत राहिली असेल, तरी सांगा. धोका तारेचाच असतो.

• डायथर्मीच्या मशीनने शेक घेऊ नका. त्याने रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत.

गावात असा रुग्ण असेल, तर आशाताईंनी कार्डाची झेरॉक्स उपकेंद्रात ठेवावी. अपघातात माणूस बेशुद्ध असला आणि कार्ड घरी राहिले, तर डॉक्टरांना तोच कागद उपयोगी पडेल.