केळ्याचा वास कोठून येतो?

ज्या जिल्ह्यातील केळी देशभर जातात, तेथील मंडळींना केळ्याचा वास समजावून सांगणे हे धाडसच होय. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. रावेर-यावलच्या मळ्यांत घड कापतात तेव्हा तो हिरवा असतो, आणि हिरव्या केळ्याला तो गोड वास नसतोच. तो पुढे, पिकविण्याच्या खोलीत उत्पन्न होतो.

पिकताना फळात इथिलीन नावाचा वायू तयार होतो. त्याच्या प्रेरणेने फळातील पिठाची साखर होते, साल पिवळी पडते, आणि ल्यूसिन या अमिनो आम्लापासून एक मद्यार्क बनतो. सिरक्यातील आम्लाच्या अंशाशी त्याचा संयोग झाला, की आयसोअमिल ॲसिटेट तयार होते. आम्ल आणि मद्यार्क यांच्या अशा संयुगास एस्टर म्हणतात.

हेच संयुग कारखान्यातही होते. मद्यार्क गाळताना मागे राहणाऱ्या जड तेलात आयसोअमिल मद्यार्क असतो. तो ॲसेटिक आम्लाबरोबर, थोडे गंधकाम्ल घालून तापविला की एस्टर आणि पाणी मिळते. ही क्रिया उलटही फिरते. म्हणून पाणी काढून टाकावे लागते. सुमारे १४२ अंश सेल्सिअसला उकळणारा हा बिनरंगी द्रव गोळ्या-सरबतांत अत्यल्प, तर रोगणांत द्रावक म्हणून वापरतात.

मग सरबतातला वास खोटा काय? रेणू तोच आहे. मात्र खऱ्या केळ्यात इतर अनेक एस्टर, शिवाय लवंगेतले युजेनॉलही असते. अर्कात ती भरगच्च संगत नसते. गंमत अशी, की मधमाशी डंख मारताना हेच द्रव्य सोडून इतर माश्यांना सावध करते. हे १९६२ साली उघडकीस आले. पोळ्याजवळ केळे खाऊ नये ते यासाठी!

आता व्यवहाराची गोष्ट. कॅल्शियम कार्बाइडच्या वायूने कोवळ्या फळाची साल पिवळी होते, पण आतला गर मागेच राहतो. शिवाय त्यात आर्सेनिकचा अंश असू शकतो. म्हणून कायद्याने त्यास बंदी आहे. इथिलीन वायूस मात्र १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, कारण तो फळाचाच वायू आहे. २०१६ साली जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव टिकवायचे तर नुसता पिवळा रंग पुरणार नाही. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या बाजारात फणी घेताना डोळ्यांबरोबर नाकालाही विचारावे.