नारायण, गटणे आणि सोळा साचे

गास (वसई) : लग्नसराईत कोणत्याही मांडवात शिरले, की एक गृहस्थ हमखास दृष्टीस पडतात. पाण्याचे पिंप भरले की नाही, वाढपी किती आले, मुलीकडच्या मंडळींची बस कोठे अडकली, हे सारे फक्त त्यांनाच ठाऊक असते. त्यांचे वराशी जवळचे नाते असतेच असे नाही, वधूशीही नसते. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस वाड्या आणि नव्या इमारती यांच्या सीमेवर वसलेल्या गास गावातले लग्नघर असो किंवा शहरातले एखादे सभागृह. मराठी पाहुणा त्यांच्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याला म्हणतो, 'हे इथले नारायण दिसतात.' शेजाऱ्याला अधिक काही सांगावे लागत नाही.

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकातील हा नारायण. हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून त्यातील पात्रे मराठी बोलण्यात सामान्यनामांसारखी वापरली जातात. पुस्तकी भाषेत बोलणारा मुलगा 'गटणे' होतो. इतिहास कालच घडल्यासारखा सांगणारे आजोबा 'हरितात्या' ठरतात. तिरकस बोलणारा कोकणी म्हातारा दिसला, की अंतू बर्वा आठवतो.

योगायोग असा, की त्याच १९६२ साली अमेरिकेत आणखी एक पुस्तिका छापली गेली. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी सिद्ध केलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीची ती मार्गदर्शिका होती. 'मायर्स-ब्रिग्ज' या नावाने ती पुढे जगभर पसरली. या मायलेकींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. इझाबेल यांनी तर त्यापूर्वी रहस्यकथेची कादंबरी लिहून बक्षीसही मिळवले होते. माणसांची वर्गवारी आणि कथेतील पात्रे यांचे नाते असे मुळापासूनचे आहे.

चार जोड्या, सोळा प्रकार

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या विचारांवर ही चाचणी उभी आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द सामान्य वाचकापर्यंत पोचले ते युंग यांच्यामुळेच. चाचणीत अशा चार जोड्या आहेत. माणूस एकांतात ताजातवाना होतो की चारचौघांत, ही पहिली. समोरच्या तपशिलावर त्याचा भर असतो की कल्पनेवर, ही दुसरी. निर्णय तो तर्काने घेतो की भावनेने, ही तिसरी. आणि सारे आधी ठरवून वागतो की ऐन वेळी सुचेल तसे, ही चौथी. प्रत्येक जोडीतून एकाची निवड केली, की एकूण सोळा प्रकार तयार होतात. प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरांचे नाव असते.

कादंबरी किंवा चित्रपटातील पात्रांना अशी अक्षरे चिकटवणे हा आज जगभरातील तरुणांचा आवडता खेळ आहे. तो मराठीतही सहज खेळता येतो. नारायण बहिर्मुख, तपशिलात रमणारा, माणसे जपणारा आणि सारे आधी ठरवणारा. सखाराम गटणे नेमका उलट, अंतर्मुख आणि विचारांच्या जगात वावरणारा. हरितात्यांचे पाय वर्तमानात असले, तरी मन शिवकाळात. खेळ जमतो, आणि तो का जमतो हे पाहण्याजोगे आहे.

लेखक पात्राच्या आयुष्यातील निवडक प्रसंगच वाचकापुढे ठेवतो. स्वभाव ठसावा, यासाठीच ते निवडलेले असतात. नाटकात तर ही गरज अधिक. म्हणूनच संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार केले. आपल्या तमाशातील सोंगाड्या आणि मावशी याच जातीचे. ग्रीक लेखक थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात चापलूस, बडबड्या, कंजूष अशा तीस स्वभावांची चित्रे लिहून ठेवली होती. पात्राचा प्रकार आधीपासून ओळखीचा असला, की प्रेक्षक लगेच कथेत शिरतो.

जिवंत माणसाचे मात्र असे नाही. मांडवातला नारायण घरी गेल्यावर गप्प बसत असेल, कार्यालयात मागच्या खुर्चीवर असेल. त्याचे ते प्रसंग कोणी निवडून दाखवत नाही.

मधोमध रेघ

शास्त्रज्ञांचा मुख्य आक्षेपही येथेच आहे. उंचीचे उदाहरण घेतले, तर फार उंच आणि फार ठेंगणी माणसे थोडी असतात. बहुतेक जण मधल्या उंचीचे असतात. अंतर्मुखतेचेही तसेच. मधोमध रेघ मारून अलीकडच्यांना एक आणि पलीकडच्यांना दुसरे नाव दिले, तर रेघेजवळची असंख्य माणसे जवळपास सारखी असूनही परस्परविरुद्ध गटांत पडतात. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर अनेकांचा प्रकार बदललेला आढळतो. म्हणूनच आजचे संशोधक प्रकारांऐवजी पाच गुणांच्या मोजपट्ट्या वापरणे पसंत करतात : नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. येथे कोणी 'अमुक प्रकारचा' नसतो. प्रत्येक गुण प्रत्येकात कमी-अधिक असतो.

तरीही आपल्या प्रकाराचे वर्णन वाचून 'अगदी मीच' असे का वाटते? याचे उत्तर बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली शोधले. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. ते कितपत जुळते, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी सुमारे ४.३ गुण दिले. नंतर उघड झाले, की सर्वांना एकच मजकूर मिळाला होता, आणि त्यातील वाक्ये भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

देवगण आणि राक्षसगण

भविष्याचा उल्लेख मराठी घरात परका नाही. स्वभावाची सर्वांत जुनी आणि सर्वांत परिणामकारक वर्गवारी आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेत असते. सत्तावीस नक्षत्रांची नऊ-नऊ अशी वाटणी करून देव, मनुष्य आणि राक्षस असे तीन गण मानले जातात. गुणमेलनातील ३६ पैकी ६ गुण या एका बाबीचे. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या बहुतेक मुलांचा गण एकच. पण त्यावरून 'मुलगी राक्षसगणी आहे' हा शेरा बसतो आणि स्थळ परत जाते. मुलीला कोणी भेटलेले नसते, तिच्याशी कोणी बोललेले नसते.

चार अक्षरांचा शेरा आधुनिक दिसतो, पण वापर चुकला तर त्याचेही काम हेच. नोकरीसाठी उमेदवार निवडताना ही चाचणी वापरू नये, असे तिच्या प्रकाशकांनीच स्पष्ट केले आहे. मनुष्यबळ विभागाच्या प्रशिक्षण वर्गात ती संवादाची सुरुवात म्हणून उपयोगी पडू शकते. बढतीच्या यादीत तिला जागा नाही. शालेय मुलांबाबत तर अधिकच सावधपणा हवा. राज्य शिक्षण मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. तिचा हेतू मुलांची आवड कोणत्या क्षेत्राकडे झुकते, एवढेच सुचवण्याचा होता. आवड हा स्वभाव नव्हे, आणि पंधराव्या वर्षीची आवड हा आयुष्याचा निकालही नव्हे. 'आमचा मुलगा अंतर्मुख आहे, त्याला विक्रीचे काम जमणार नाही,' असे पालक मुलासमोर वारंवार म्हणत राहिले, तर तो मुलगा ते काम करून पाहण्याचीच शक्यता कमी होते.

स्वभावाला नाव देण्याची ओढ मात्र संपणारी नाही, आणि ती संपण्याची गरजही नाही. अबोल मुलाला आपल्यासारखे इतरही आहेत हे कळले, तर त्याला धीर येतो. पती-पत्नींना आपला तंटा दुष्टपणातून नव्हे, तर वेगळ्या सवयींतून आला आहे हे उमगते. पु. लं.नी पुस्तकाच्या नावात 'वल्ली' या शब्दाआधी 'व्यक्ती' हा शब्द ठेवला आहे. अंतू बर्वा सुरुवातीला कोकणी तिरकसपणाचा नमुना वाटतो. लेख संपेपर्यंत वाचकाला त्या जिभेआडचा ओलावा जाणवलेला असतो. पुढच्या लग्नात मांडवातील नारायण दिसला, तर त्याला नावाने हाक मारून 'तुम्ही जेवलात का?' एवढे विचारायला हरकत नाही.