पंपाची खोली आणि वादळातील झाड

आर. के. पुरमसारख्या वसाहतीत वाऱ्याने झाड कोसळले तरी पक्क्या इमारतीतील माणसे बहुधा वाचतात. शेतातील खोलीला तो आधार नसतो. 2 मे 2025 च्या पहाटे दिल्लीच्याच नैऋत्य टोकाला, जाफरपूर कलां परिसरात, कूपनलिकेजवळच्या खोलीवर झाड पडून आई व तीन मुले मृत्युमुखी पडली.

आपल्याकडेही पंपाची खोली सावलीसाठी झाडाखालीच बांधतात. पाया खोदताना मुळे तुटतात, सततच्या ओलीने माती सैल होते आणि वाऱ्यात झाड समूळ उन्मळते. नवी खोली झाडापासून किमान त्याच्या उंचीइतकी दूर असावी. छाटणीने धोका घटतो, संपत नाही.

हिवाळाही निर्धोक नव्हे. पश्चिमी चक्रावाताची बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या दमट वाऱ्यांशी गाठ पडली की महाराष्ट्रात वादळी पाऊस व गारपीट होते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच घडले. रब्बीला पाणी देण्याचेही हेच दिवस. वीज अनेकदा रात्री मिळते, म्हणून शेतकरी खोलीतच मुक्काम करतो. वादळाचा इशारा कळवताना सहायक कृषी अधिकाऱ्याने ‘आज रात्री पाण्यावर कोण आहे?’ हे आवर्जून विचारावे आणि त्या व्यक्तीस अंधारापूर्वी गावात परतण्यास सांगावे. सकाळी पंप सुरू करण्याआधी तुटलेल्या तारा दुरूनच पाहाव्यात.