डब्यातली चूल

डिसेंबरची पहाट होती. मालेगावहून निघालेली आमची गाडी गाळणा किल्ल्याच्या पायथ्याशी थांबली, तेव्हा नीट उजाडलेही नव्हते. नववीची अकरा मुले, आम्ही दोन शिक्षक आणि बोचरी थंडी! मुलांचे हात खिशातून बाहेर येईनात.

"सर, चहा मिळेल का?" एकाने विचारले.

"चहा नाही. आज कॉफी!" मी ऐटीत म्हणालो आणि पिशवीतून माझी चूल बाहेर काढली.

चूल कसली, दुधाच्या भुकटीचा रिकामा डबाच होता तो. वर भांडे ठेवण्यासाठी काठाला चार खाचा केल्या होत्या. निखारे खाली सांडू नयेत म्हणून बाकीचा डबा मी मुद्दाम अखंड ठेवला होता. एका घराच्या अंगणात, घरमालकाला विचारून, आम्ही चूल मांडली. काटक्या भरल्या, कागद पेटवून आत टाकला. जाळ काही होईना. धूर मात्र असा निघाला, की अंगणातल्या शेळ्यासुद्धा उठून लांब गेल्या. अर्ध्या तासाने पाणी जेमतेम कोमट झाले. त्यात कॉफीची पूड घातली, ती वरच तरंगत राहिली. मुलांनी ते पेय अदबीने हातात घेतले. दोघांनी ते दगडाआड ओतून दिले; मी पाहिले नाही असे दाखवले.

तेवढ्यात एका मुलाने डबा चहूबाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाला, "सर, ही चूल श्वास कुठून घेते?"

या मुलाचे मामू पत्र्याचे काम करतात. सुट्टीत तो त्यांच्या दुकानात बसतो. त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्या चुलीला नाकच नव्हते!

मुलांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात, की ज्वलनाला हवेतला ऑक्सिजन लागतो. पण ही हवा कोठून यायला हवी, हे कधी पाहिले आहे का? तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत शिरते. खाली वाट असेल, तर विस्तव स्वतःच हवा ओढून घेतो. फुंकणीची गरज फारशी पडत नाही. खाली वाट नसेल, तर वर जाणारी गरम हवा आणि खाली येऊ पाहणारी थंड हवा एकाच तोंडात अडतात. मग जाळ गुदमरतो. माझ्या डब्यात नेमके हेच झाले.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाबरोबर मामूंच्या दुकानात गेलो. मामूंनी माझा काळा झालेला डबा पाहिला आणि हसून म्हणाले, "मास्टरसाहेब, खाली भोके पाडाल तर जाळ होईल. पण धूर तरी कशाला वाया घालवता?"

धूर वाया घालवता! हे शब्द माझ्या डोक्यात बसले. आपण धुराला कचरा समजतो. खरे तर धूर म्हणजे न जळलेले जळण होय. याचा एक सोपा प्रयोग आहे. तो घरातल्या मोठ्या माणसासमोर करून पाहा. एक मेणबत्ती थोडा वेळ जळू द्या आणि मग हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढरा धूर वर चढेल. लगेच पेटती काडी वातीला न लावता त्या धुराच्या रेषेत धरा. ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते! तो पांढरा धूर म्हणजे मेणाची वाफच असते.

लाकडाचेही तसेच आहे. लाकूड तापले, की त्यातून वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली, तर तेही जळतात. नाही मिळाली, तर ते धूर होऊन आपल्या डोळ्यांत जातात. माझ्या नानींनी सारी उमर ओल्या लाकडांच्या चुलीपुढे काढली. त्या पदराने डोळे पुसत आणि आम्ही समजत असू, की स्वयंपाक करताना डोळ्यांत पाणी येणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, 2020 या एका वर्षात घरातल्या चुलींच्या व स्टोव्हच्या धुरामुळे जगात सुमारे 32 लाख लोक मरण पावले. धुराकडे आपण किती सहज पाहतो!

हा धूर चुलीतच जाळण्याची एक युक्ती आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ टॉम रीड यांनी 1985 साली या विचाराची चूल सुचवली. त्यात जळण खालून नव्हे, तर वरून पेटवतात. मामूंना रीडसाहेब ठाऊक नव्हते. पण डब्यात डबा बसवला, की धूर कमी होतो, हे त्यांना हाताने ठाऊक होते. त्यांनी सांगितले तशी चूल आम्ही बनवली. ती कशी, ते सांगतो.

दोन डबे घ्यायचे. एक किलोचा दुधाच्या भुकटीचा डबा बाहेरचा. आत मावेल असा अर्ध्या किलोचा डबा आतला. दोन्हींच्या मध्ये सगळीकडून साधारण एक बोट जागा राहिली पाहिजे आणि आतला डबा बाहेरच्यापेक्षा निदान दोन बोटे आखूड हवा. रंगाचे किंवा कीटकनाशकाचे डबे चुकूनही घेऊ नका. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. तो फार तापला, की त्यातून निघणारी वाफ बाधते.

आतल्या डब्याच्या बुडाला खिळ्याने वीस-पंचवीस बारीक भोके पाडा. मग वरच्या काठाखाली दीड-दोन बोटे अंतर सोडून सगळीकडून एक रांग पाडा. ही भोके थोडी मोठी, पेन्सिल जाईल एवढी, पंधरा-सोळा असावीत. खिळा ठोकताना डबा चेपतो. आमच्या पहिल्या डब्याचा तर पापड झाला. मामूंनी तेव्हा डब्यात ओली वाळू ठासून भरायला सांगितली. वाळू आतून आधार देते आणि भोक गोल पडते. किती साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती!

आता बाहेरचा डबा पालथा करा. त्याचे बूड आता वर आले. त्यावर आतल्या डब्याच्या मापाचे वर्तुळ कर्कटकाने काढा आणि पत्र्याच्या कात्रीने वर्तुळ थोडे लहानच कापा. कडेला लहान चिरा देऊन पत्रा आत दुमडला, की आतला डबा त्यात घट्ट बसतो आणि त्याचा काठ वर अडकून राहतो. पालथ्या डब्याच्या खालच्या बाजूला, जमिनीपासून दोन बोटांवर, बोट जाईल एवढी दहा भोके पाडा. ही भोके मोठीच हवीत. सगळी हवा याच दारातून आत येणार आहे. खालच्या उघड्या तोंडाला डब्याचे झाकण परत बसवा. म्हणजे राख जमिनीवर पडत नाही. कापलेल्या पत्र्याची धार चाकूसारखी असते. तिच्यावर कानस फिरवल्याशिवाय हात लावू नका. कापण्याचे काम मोठ्यांकडून करून घेतले, तर त्यात कमीपणा नाही. आमचेही मामूंनीच केले.

भांडे टेकवायला चार बोटे उंचीची पत्र्याची पट्टी घ्या. तिची दोन्ही टोके एकमेकांत अडकतील अशी दुमडा, म्हणजे कडे तयार होते. हे कडे चुलीच्या तोंडावर उभे राहते. काटक्या घालण्यासाठी कड्याला एका बाजूने खिडकी ठेवा आणि वरच्या कडेजवळ भोके पाडून साध्या लोखंडी तारेचे तीन तुकडे आरपार घाला. भांडे या तारांवर बसते. काम झाले, की तारा काढायच्या आणि कडे सोडवून पट्टी गुंडाळायची.

या चुलीत हवा दोन वाटांनी जाते. थोडी हवा बुडाच्या भोकांतून जळणाकडे जाते. बाकीची दोन डब्यांच्या मधल्या पोकळीतून वर चढते. चढता चढता ती तापते आणि वरच्या रांगेतल्या भोकांतून आत येते. तेथे तिला लाकडातून निघालेला धूर भेटतो. गरम धुराला गरम हवा मिळाली, की तो पेट घेतो. तेव्हा प्रत्येक भोकातून एकेक पिवळी जीभ आत आल्यासारखी दिसते. पहिल्यांदा हे दिसले, तेव्हा आमचा तो विद्यार्थी आनंदाने ओरडलाच, "सर, घेतला श्वास!"

जळण म्हणून पेन्सिलीएवढ्या जाड, वाळलेल्या काटक्या घ्या. मोडताना काडकन आवाज आला, तर काटकी सुकी समजा. नुसती वाकली, तर ओली. काटक्यांचे बोटभर तुकडे करून आतल्या डब्यात वरच्या भोकांच्या खालपर्यंत भरा. वर थोडे सुके गवत किंवा कागद ठेवून वरूनच पेटवा. सुरुवातीला थोडा धूर होईल. मिनिट-दोन मिनिटांत जाळ स्थिरावतो आणि विस्तव हळूहळू खाली उतरतो. दोन कप पाणी आमच्या चुलीवर दहा-बारा मिनिटांत उकळते. जाळ मंदावला, तर खिडकीतून एखादी काटकी सारा. एकदम मूठभर घातल्या, तर पुन्हा धूर! नव्या चुलीत पहिल्यांदा नुसताच जाळ करा, म्हणजे डब्याचा रंग आणि आतला लेप जळून जाईल. त्या वेळी जवळ उभे राहू नका.

आता कॉफी. 'कहवा' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे, मूळ अरबी. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्री जागण्यासाठी कहवा पीत. तेथल्या मोखा बंदरातून कॉफी जगभर गेली. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगितले जाते. अरबस्तानातले बदाऊनी उघड्यावर, निखाऱ्यांवर कहवा करत आले आहेत.  आपल्याला गाळणी लागणार नाही. पाण्याला उकळी आली, की भांडे खाली उतरवा. दोन कपांना दोन मोठे चमचे पूड घाला, ढवळा आणि चार मिनिटे झाकून ठेवा. मग वरून चमचाभर थंड पाणी शिंपडा. तरंगणारी पूड खाली बसू लागते. भांडे न हलवता वरची कॉफी कपात ओता. दुधाची भुकटी आणि साखर आवडीप्रमाणे घाला. पूड उकळत्या जाळावर ठेवू नका. कॉफी कडू होते आणि उतू जाऊन चूलही विझवते.

चूल लहान असली, तरी विस्तव लहान नसतो. डिसेंबर ते मे या महिन्यांत डोंगरावरचे गवत वाळून कोळ झालेले असते. एका ठिणगीने अख्खा डोंगर पेटतो. घरटी, सरपटणारे जीव, गुरांचा चारा, सारे जाते. राखीव जंगलात विस्तव पेटवणे 1927 च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या आवारातही चूल मांडू नये. म्हणून आम्ही कॉफी किल्ल्यावर नाही, पायथ्याशी मोकळ्या, गवत नसलेल्या जागी करतो; जागेच्या मालकाला विचारून. शेजारी पाण्याचा एक भरलेला डबा ठेवतो. वारा जोराचा असला, तर त्या दिवशी चूल पिशवीतच राहते.

आणखी एक गोष्ट. थंडी कितीही असो, ही चूल तंबूत किंवा बंद खोलीत नेऊ नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नसतानाही तो असतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. धूर न करणारी चूल म्हणून निर्धास्त राहू नका.

निघताना राखेवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. बोटाला राख थंडगार लागली, तरच चूल आवरायला घ्या. आमच्या संचात चुलीच्या पोटात स्टीलचा उभा डबा बसतो. त्यातच आपण पाणी उकळतो. त्या डब्याच्या पोटात कॉफीची डबी, साखरेची पुडी, चमचा आणि घट्ट झाकणाच्या डबीत काड्यापेटी. पट्टी आणि तारा कडेच्या फटीत. सगळे मिळून एका कापडी पिशवीत मावते.

राहिली भांड्याची काजळी. चुलीवर ठेवण्याआधी भांड्याला बाहेरून ओल्या साबणाचा हात फिरवा. काजळी साबणावर बसते आणि नंतर पाण्याने सहज निघते. हे मला उशिरा कळले. तोपर्यंत अम्मींच्या स्वयंपाकघरातला तो स्टीलचा डबा काळाकुट्ट झाला होता. आता त्या तो घरात घेत नाहीत. "तुझ्या किल्ल्याचा डबा, किल्ल्यावरच असू दे," म्हणतात.