गाण्याखालची नावं

फोनवर गाणं सुरू करून शेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं की श्रेयनामावली उघडते. अल्बमच्या चित्रावर चेहरा एकाच रॅपरचा असतो. आत मात्र पाच-सात, कधी बारा नावं निघतात. आवाज कोणाचा, शब्द कोणाचे, संगीत कोणाचं, बीट कोणी बांधली, मुद्रण कोणत्या कंपनीच्या मालकीचं. भोसरी, चिखली, मोशी, तळवडे ते थेट चाकण, या कारखान्यांच्या पट्ट्यात शिफ्ट संपवून रात्री रॅप लिहिणारी पोरं आहेत. बीटवर शब्द कसे बसवायचे हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. पण आपलं नाव नेमकं कुठे यायला हवं आणि ते तिथे का यायला हवं, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून ही यादी जरा सावकाश वाचू.

वाचायला एक ठळक अल्बम घेऊ: ‘गली बॉय’. चित्रपट झोया अख्तरचा, अल्बम जानेवारी २०१९ मधला, गाणी १८. कुर्ला-अंधेरीच्या गल्ल्यांतलं रॅप या अल्बमने घराघरांत पोचवलं. त्यातलं ‘अपना टाइम आयेगा’ रणवीर सिंगच्या आवाजात सगळ्यांना पाठ आहे. पण श्रेयनामावलीत शब्दांपुढे रॅपर डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांची नावं आहेत, संगीतापुढे डब शर्मा आणि डिव्हाइन यांची. या गाण्याच्या शब्दांसाठी २०२० साली फिल्मफेअर मिळालं तेही डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांनाच. रणवीरचं नाव फक्त आवाजापुढे आहे, आणि ते बरोबरच आहे. गाणं म्हणणं हे एक काम आहे, रचणं हे दुसरं.

मराठी माणसाला ही विभागणी नवी नाही. गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमुक, हे आकाशवाणीने आपल्या कानांना कित्येक वर्षं शिकवलं. निगडी प्राधिकरणातल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या गदिमांचं ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून सुरू झालं. त्यात ५६ गाणी होती आणि गाणारे अनेक होते, पण शब्द सगळे गदिमांचे आणि संगीत सगळं सुधीर फडक्यांचं. तिथे कोणाचं काय, असा प्रश्नच पडत नाही.

रॅपमध्ये तो पडतो, कारण तिथे या सीमा एकमेकींत शिरतात. ‘मेरे गली में’ बघा. डिव्हाइन आणि नेझी यांनी ते शब्द लिहिले, त्यांनीच म्हटले; बीट सेझ ऑन द बीट याची. शब्दांच्या रकान्यात रॅपर असणार हे उघड आहे, पण संगीताच्या रकान्यातही सेझच्या जोडीने या दोघांची नावं आहेत. रॅपर सूर लावत नसला तरी श्वास कुठे तोडायचा, यमक कोणत्या मात्रेवर पाडायचं, ओळ बीटच्या मागे ओढायची की पुढे पळवायची, हे सगळं तोच ठरवतो. धृपदाची चाल तर बहुतेक वेळा त्याच्याच तोंडातून आधी निघते. म्हणून रॅपरला संगीताचं श्रेय देणं अवाजवी नाही. उलट बीटवाल्याचं नाव संगीतातून गाळून खाली कुठेतरी ‘बीट’ म्हणून टाकणं, हे मात्र मला सरळ अन्यायाचं वाटतं. ड्रम, बास, सुरावट, मधली शांतता, इतकं सगळं ज्याने रचलं तो संगीतकारच आहे.

याच गाण्यातून आणखी एक गोष्ट कळते. गाणं आधी २०१५ मध्ये सोनी म्युझिककडून आलं. चित्रपटातली आवृत्ती, रणवीरच्या आवाजासह, झी म्युझिकच्या अल्बममध्ये आली. म्हणजे एका रचनेची दोन मुद्रणं झाली आणि दोन्हींचे मालक निरनिराळे. रचनाकार मात्र दोन्हीकडे तेच राहतात, आणि दोन्हीकडून त्यांचं काही ना काही येणं लागतं. रचना वेगळी आणि तिचं मुद्रण वेगळं, हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की पुढचा गुंता निम्म्याने सुटतो.

भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा तर याहून बारीक चिरतो. त्यातल्या व्याख्येनुसार संगीतकृतीत शब्द धरलेच जात नाहीत. शब्द ही स्वतंत्र साहित्यकृती, तिचा कर्ता लिहिणारा. संगीत ही दुसरी कृती, तिचा कर्ता संगीतकार. ध्वनिमुद्रण ही तिसरी, तिचा कर्ता प्रोड्यूसर. इथे नवखे फसतात. हिप-हॉपमध्ये प्रोड्यूसर म्हणजे बीट बांधणारा. कायद्यातला प्रोड्यूसर म्हणजे मुद्रण घडवून आणण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. बहुधा कंपनी, किंवा स्वतःच्या खर्चाने गाणं काढलं असेल तर तुम्ही. त्यामुळे करारात बीटवाल्याची नोंद ‘संगीतकार’ म्हणून असायलाच हवी. या तिघांशिवाय गाणाऱ्याचा, म्हणजे कलावंताचा हक्क वेगळा असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. शब्द आणि संगीतावरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं, मुद्रणावरचा प्रकाशनानंतर ६० वर्षं.

आता समजा, कुदळवाडीत राहणारा एक मुलगा शब्द लिहितो, यमुनानगरचा त्याचा मित्र लॅपटॉपवर बीट करतो, आणि पिंपळे सौदागरच्या एका छोट्या स्टुडिओत दोघं रेकॉर्डिंग करतात. शब्द पहिल्याचे, संगीत दुसऱ्याचं किंवा दोघांचं, मुद्रण ज्याने पैसे घातले त्याचं. हिप-हॉपमधली सर्वसाधारण रीत अशी, की रचनेच्या उत्पन्नातला अर्धा वाटा शब्दांचा आणि अर्धा बीटचा. दुसरा रॅपर एक कडवं घेऊन आला तर शब्दांच्या अर्ध्यातून त्याला द्यायचं. ही वाटणी टक्क्यांत लिहायची, खरी नावं आणि टोपणनावं दोन्ही घालायची, तारीख टाकायची, सगळ्यांनी सह्या करायच्या. एक पान पुरतं. हे रेकॉर्डिंगच्याच दिवशी करावं, कारण गाणं चाललं नाही तर भांडण होत नाही आणि चाललं तर प्रत्येकाची आठवण वेगळी होते.

बीट मित्राची नसेल, नेटवरून घेतलेली असेल, तर करार आधी वाचायचा. स्वस्तात मिळते ती बहुधा भाड्याने वापरायची परवानगी असते: ठरावीक वेळा ऐकलं जाईपर्यंत किंवा ठरावीक काळापुरती. तीच बीट त्याच दिवशी आणखी पन्नास जण घेऊ शकतात. एकट्यासाठी घेतली तर महाग पडते, आणि तेव्हाही बीटवाल्याचं संगीतकार म्हणून नाव बहुतेक करारांत कायम असतं. पैसे देऊन बीट आणली म्हणून ‘संगीत’ या शब्दापुढे स्वतःचं एकट्याचं नाव टाकता येत नाही.

सॅम्पलचं, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा उचलून वापरण्याचं, प्रकरण आपल्या भागात विशेष जपून हाताळावं लागतं, कारण इथे कानावर पडणारं संगीत फार श्रीमंत आहे. देहू इंद्रायणीकाठी, तळवड्याच्या कंपन्यांपासून हाकेच्या अंतरावर. बीटमध्ये टाळ-मृदंग घ्यावा, एखादा अभंग घ्यावा असं कोणालाही वाटेल. तुकोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. ते घ्यायला कोणाला विचारावं लागत नाही. पण ‘अभंग तुकयाचे’ या लता मंगेशकरांच्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा उचलला तर चाल श्रीनिवास खळ्यांची. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या संगीतावरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. त्यावर मुद्रणाच्या मालकाची परवानगी वेगळी. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांचे शब्द २०२९ संपेपर्यंत कॉपीराइटमध्ये आहेत. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे तिथे २०६४. दोन सेकंदांचा तुकडा चालतो, असा समज फार पसरला आहे. कायद्यात तशी सूट कुठेही नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगी न मिळवता घेतल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि तिथल्या अल्बमांच्या श्रेयनामावल्या त्यानंतर लांबत गेल्या, कारण सॅम्पलच्या मूळ रचनाकारांची नावं लिहिणं भाग पडलं. त्यापेक्षा आळंदी रस्त्यावरच्या एखाद्या दिंडीतल्या पखवाजियाला स्टुडिओत बोलवावं, मानधन द्यावं, आणि यादीत त्याचं नाव लिहावं. ध्वनीही ताजा मिळतो.

नाव लिहिण्याची ही रीत नीट पाळलेली दिसते ती ‘गली बॉय’मधल्याच ‘इंडिया ९१’मध्ये. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांचं संगीत, त्यावर एमसी अल्ताफ, एमसी तोडफोड, १००आरबीएच, महार्या आणि नॉक्शस डी, असे पाच रॅपर, निरनिराळ्या भाषांत. मराठी कडवं अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरचं, तोच १००आरबीएच. प्रत्येकाने स्वतःचं कडवं स्वतः लिहिलं आणि प्रत्येकाचं नाव आलं. यांतला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २०२२ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेला. त्याचं नाव त्या यादीत आहे, म्हणून त्या ओळी त्याच्या आहेत हे कोणालाही शोधून काढता येतं.

मिक्सिंग आणि मास्टरिंग करणाऱ्यांना आपल्याकडे सहसा ठरलेली रक्कम मिळते, रॉयल्टी नाही. तरी त्यांचं नाव सोडू नये. उदाहरण जवळचंच आहे: संताजी जगनाडे चाकणचे. तुकोबांचे अभंग त्यांनी उतरवून घेतले. शब्द तुकोबांचे, प्रत्येक अभंगाच्या शेवटी मुद्राही तुकोबांचीच, संताजींनी आपलं नाव मध्ये घातलं नाही. पण या भागातल्या लोकांनी लिहून ठेवणाऱ्याचं नाव आजतागायत जपलं आहे. सेझच्या बीटच्या सुरुवातीला त्याचं नाव ऐकू येतं तेव्हा मला ती मुद्राच आठवते: गाणं कुठेही वाजो, करणाऱ्याचं नाव त्याच्या पोटातच आहे.

फक्त कानाला ऐकू येणारी मुद्रा संगणकाला वाचता येत नाही. चाकणच्या कारखान्यांत गाडीच्या बॉनेटवर एकाच कंपनीचं चिन्ह असलं तरी आतल्या महत्त्वाच्या सुट्या भागांवर पुरवठादाराचा नंबर असतो. भाग बिघडला की तो कोणाकडून आला हे त्यावरून कळतं. गाण्याचंही तसंच आहे. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. रचनेला वेगळा, आयएसडब्ल्यूसी. ‘मेरे गली में’च्या दोन मुद्रणांचे आयएसआरसी दोन असतात. स्वतंत्रपणे गाणं काढलं तर पहिला क्रमांक बहुधा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं ॲपवर पोचवणारी कंपनी, देतो. दुसऱ्यासाठी मुंबईच्या आयपीआरएस या संस्थेत सभासद व्हावं लागतं. १९६९ पासूनची ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने हॉटेल, रेडिओ, टीव्ही, जाहीर कार्यक्रम, स्ट्रीमिंग यांतलं स्वामित्वधन गोळा करते. गाणाऱ्यांसाठी ‘इस्रा’ ही संस्था २०१३ मध्ये उभी राहिली. डिस्ट्रिब्युटरकडून खात्यात येतो तो मुद्रणाचा पैसा. रचनेचा पैसा दुसऱ्या वाटेने येतो, आणि त्या वाटेवर नाव नोंदवलेलं नसेल तर तो येतच नाही. बहुतेक पोरं पहिलाच पैसा बघून गप्प बसतात.

कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मोठं बळ दिलं. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर झगडले. आता रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क रचनाकाराला सोडून देता येत नाही. कंपनीने तसं कलम घातलं आणि तुम्ही त्यावर सही केली, तरी ते टिकत नाही. फक्त वारसाला किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेला तो देता येतो. हक्क द्यायचे तर करार लेखी आणि सहीचाच लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून कामी येते: शब्द किंवा संगीतासाठी शुल्क ५०० रुपये, मुद्रणासाठी २०००.

एक उणीव मात्र कायद्यातच आहे. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करताना त्यावर काय छापायचं हे कलम ५२अ सांगतं: मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, कॉपीराइटच्या मालकाचं नाव-पत्ता आणि प्रकाशनाचं वर्ष. गीतकाराचं नाव, संगीतकाराचं नाव, यांचा त्यात उल्लेख नाही. कलम ५७ कर्त्याला आपलं कर्तेपण सांगण्याचा हक्क देतं, पण तो त्याने स्वतः मागावा लागतो. नाव आपोआप छापलं जाईल या भरवशावर राहता येत नाही.

म्हणून गाणं प्रसिद्ध झाल्यावर पहिल्याच दिवशी श्रेयनामावली उघडून तपासायची. चूक असेल तर ॲपवाल्यांना लिहून बहुधा काही होत नाही. माहिती आलेली असते डिस्ट्रिब्युटरकडून किंवा कंपनीकडून, तेव्हा दुरुस्तीही तिथूनच मागायची, सह्यांचं ते पान सोबत जोडून. दुरुस्त करताना आयएसआरसी तोच राहील हे सांगायला विसरू नये. गाणं काढून पुन्हा नव्या क्रमांकाने चढवलं तर तोवरच्या ऐकण्याची मोजणी मागच्या क्रमांकापाशीच अडकून राहू शकते. आणि आयपीआरएसमध्ये शब्द-संगीताच्या टक्क्यांची नोंद त्या पानाशी जुळते का, हे शब्द लिहिणाऱ्याने आणि बीटवाल्याने एकत्र बसून पाहायचं.