डोक्याला मार लागला? आज खेळ बंद

खो-खोत सूर मारून गडी टिपला की मैदान टाळ्यांनी दणाणतं. सूर चुकला तर मात्र डोकं खांबावर किंवा जमिनीवर आपटतं, आणि रत्नागिरीतली जांभ्याच्या कातळावरची मैदानं काही मऊ नसतात. अशा वेळी तोंडावर पाणी मारून ‘काही नाही झालं, ऊठ’ म्हणत मुलाला परत उतरवायची आपली जुनी सवय. ती धोक्याची आहे.

मार बसताच कवटीच्या आत मेंदू हादरतो. त्यासाठी बेशुद्धच पडावं लागतं असं नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, तेच तेच विचारणं ही त्याची लक्षणं. कधी ती काही तासांनी दिसतात. मेंदू सावरण्याआधी पुन्हा मार बसला, तर क्वचित तो झपाट्याने सुजतो. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये शाळेच्या रग्बी सामन्यात १४ वर्षांचा एक मुलगा असाच दगावला. मार लागल्यावरही तो खेळत राहिला होता.

म्हणून शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद, मग अंतिम सामना का असेना! मुलं ‘मी बरा आहे’ म्हणणारच. संघातून वगळतील ही भीती असते. निर्णय मोठ्यांनीच घ्यावा.

वारंवार उलट्या, झटके, वाढती डोकेदुखी, हातापायात अशक्तपणा किंवा गुंगी दिसली, तर थेट रुग्णालय गाठा. एरवीही डॉक्टरांना दाखवाच. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू शाळा, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच मैदान.